दुभाजकातली वाट

प्रदीप भोईरने तो रस्ता आधी ट्रेसिंग पेपरवर काढला होता. एका बाजूला विचुंबे, दुसऱ्या बाजूला नव्या पनवेलचे सेक्टर आणि मधून रुंद, सरळ रस्ता. रस्त्याच्या मध्यभागी फक्त बससाठी राखलेली जागा, दोन्ही कडांना सायकलींची पट्टी, पट्टीला लागून झाडं. झाडं काढायला गोल भोकांची प्लास्टिकची पट्टी मिळते. ती घेऊन त्याने एकसारखी झाडं ओळीने उभी केली होती. शोभा मॅडमनी शीट पाहून म्हटलं होतं, "थोडी मागंपुढं काढ रे. झाडं काय कवायतीला उभी आहेत?"

शोभा मॅडम त्याच्या कचेरीतल्या नगररचनाकार. ठाण्याहून एसटीने यायच्या, गाडी घ्यायची नाही असं त्यांनी ठरवून टाकलं होतं. नवं शहर वसवायचंच आहे तर ते निदान चालणाऱ्यांना आणि सायकलवाल्यांना राहता येईल असं वसवू, एवढंच त्यांचं म्हणणं. प्रदीप त्यांच्या हाताखाली ड्राफ्ट्समन होता. घरची शेती शहरात गेलेली, त्यामुळे प्रकल्पग्रस्त म्हणून त्याचा अर्ज पुढे सरकला आणि तो कचेरीत चिकटला. रस्त्याच्या नकाशाच्या खाली उजव्या कोपऱ्यात, 'काढणार' या शब्दापुढे, त्याची सही होती. त्या नकाशाची एक अमोनिया प्रिंट, म्हणजे निळ्या रेघांची प्रत, त्याने वडिलांना दाखवायला घरी आणली आणि तिथून पुढे विचुंब्यात त्या रस्त्याचं नाव 'परदीपचा रस्ता' असं पडलं. त्याचे वडील भगवान भोईर पारावर बसून सांगायचे, "माझ्या पोरानी काढलाय. बस मधून जानार, सायकल कडेनी जानार."

रस्ता झाला, पण बस आली नाही. बसचं पुढच्या टप्प्यात बघू, असं ठरलं. सायकलींच्या पट्टीवर आधी बिल्डरांच्या विटा आल्या, मग वाळू, मग रात्रंदिवस उभे असलेले ट्रेलर. न्हावा शेव्याचं बंदर तोवर जोरात सुरू झालं होतं. हायवे तुंबायला लागला तसे कंटेनरवाले वाट शोधत या बाजूला आले आणि एकदा आल्यावर रोजच यायला लागले. समोरासमोर दोन धडका झाल्या. मग एका आठवड्यात रस्त्याच्या मधोमध, जिथे बस जायची होती तिथे, सिमेंटचा कमरेएवढा दुभाजक उभा राहिला.

प्रदीपची आई जनी आणि शेजारची हौसा रोज सकाळी भाजीच्या पाट्या घेऊन पनवेलच्या बाजारात जायच्या. पूर्वी बांधाबांधाने जायच्या. सेक्टर झाल्यावर इमारतींच्या मधून जायला लागल्या. रस्ता झाल्यावर दोन्हीकडे बघून, पदर तोंडात धरून, पळत ओलांडायला लागल्या. दुभाजक बांधताना त्या बघत होत्या, पण जायला वाट ठेवतील असं दोघींनी धरून चाललं होतं. एका सकाळी त्या रस्त्याच्या मध्यापर्यंत गेल्या तर भिंत सलग होती. डावीकडे बघितलं, उजवीकडे बघितलं, कुठेच खंड नव्हता. डोक्यावर पाट्या, मागून ट्रेलर. दोघी तशाच परत आल्या आणि त्या दिवशीची माठाची भाजी आणि शिराळी गावातच वाटून टाकली.

संध्याकाळी प्रदीप जेवायला बसला तेव्हा जनीने विचारलं, "परदीप, तो बांध कुठवर हाय?"

"कुठला बांध?"

"रस्त्यातला."

"डिव्हायडर. तो पार फाट्यापरत हाय. तिथं सिग्नल होनार, तिथून पलीकडं जायचं." कचेरीत तो वेगळं बोलायचा, घरी आला की गावचं.

"फाट्यापरत? मंग बाजार कवा गाठायचा?"

"आये, गाड्या समोरासमोर आपटत होत्या. लोकं मरतात. म्हणून घातलाय."

"बरं," जनी म्हणाली, आणि त्याच्या ताटात आणखी कालवण वाढलं.

तिने इतक्या पटकन 'बरं' म्हटलं याचंच प्रदीपला जेवताना जड वाटत राहिलं. ती चिडली असती तर त्याला पुढे काहीतरी समजावता आलं असतं.

दोन-चार दिवसांत बायकांनी आपली युक्ती काढली. जनी आधी भिंतीवर चढायची आणि पलीकडे उतरायची. हौसा एकेक पाटी वरून द्यायची. मग हौसा चढायची. हळूहळू गावातल्या सगळ्याच बायका तसं करायला लागल्या. शाळेतली पोरंही. प्रदीपने कचेरीच्या बसमधून ते एकदा पाहिलं आणि मान दुसरीकडे वळवली.

श्रावणातल्या एका सकाळी हौसा भिंतीवरून पलीकडे उतरली आणि तिचा पाय ओल्या सिमेंटवरून सटकला. ती रस्त्यावर पडली तेव्हा एक ट्रेलर बाजूने चालला होता. त्याच्या मागच्या चाकाने तिला चिरडलं नाही, पण लोखंडी कडेचा फटका मांडीला बसला. ट्रेलर थांबला नाही. कदाचित ड्रायव्हरला कळलंही नसेल. समोरच्या अर्धवट इमारतीवर काम करणारी कमळी आणि तिचा नवरा देवजी, डोंगराकडच्या वाडीवरचं जोडपं, घमेली टाकून पळत आले. त्यांनी हौसाला विटांच्या हातगाडीवर घातलं आणि जनीने वर तिचा पाय धरून ठेवला. तसेच ते तिला पनवेलला दवाखान्यात घेऊन गेले. मांडीचं हाड मोडलं होतं. जीव वाचला.

त्या रात्री नाही, दुसऱ्या दिवशी दुपारी हौसाचा मुलगा बाळू प्रदीपकडे आला. रविवार होता. दोघं एका वर्गात शिकलेले. बाळू ओट्यावर बसला नाही, उभाच राहिला.

"रस्ता तू काढलास ना?"

"काढला."

"मंग वाट का नाय ठेवलीस?"

"बाळू, माझ्या नकाशात भिंतच नव्हती. मधून बस होती."

"मंग कुनाच्या नकाशात होती?"

प्रदीपला ते खरोखर माहीत नव्हतं. सोमवारी त्याने कचेरीत विचारलं. रस्तेवाल्या विभागाने सांगितलं, ठेकेदाराला विचार. ठेकेदाराचा माणूस म्हणाला, दुभाजकाचं एक ठरलेलं शीट असतं, ते सगळ्या रस्त्यांना लागतं, तुमच्याच कचेरीतून येतं. ते शीट कुणी काढलं होतं ते कुणालाच सांगता येईना. जुनं होतं, दुसऱ्या कुठल्यातरी रस्त्यासाठी काढलेलं. प्रत्येकाचं बोलणं ऐकताना ते बरोबर वाटायचं, आणि सगळं एकत्र केलं की हौसाच्या मांडीपर्यंत काही पोचायचं नाही.

त्याने शोभा मॅडमना सांगितलं. त्यांनी रस्त्याचं शीट काढून टेबलावर पसरलं. मग म्हणाल्या, "मी येते तुझ्या गावाला. वाट नेमकी कुठे पाडायची ते तिथल्या बायकांनाच विचारू."

त्या पुढच्या रविवारी आल्या. पायात बूट, डोक्याला रुमाल, खांद्याला कापडी पिशवी. प्रदीपला वाटलं होतं, हे अर्ध्या तासाचं काम आहे. बायका बोट दाखवतील, आपण खूण करू, मॅडम सही करतील.

पहिल्यांदा जनीलाच विचारलं.

"काकू, तुम्हाला वाट कुठे हवी?"

जनीने मॅडमना आधी चहा दिला. मग म्हणाली, "तुमी म्हनाल तिथं, बाय."

"नाही, तुम्ही सांगा. रोज तुम्ही जाता."

"ती ताडाची झाडं हायेत ना, तिथं बरी."

ताडाच्या झाडांपाशी गेल्यावर वरच्या आळीतल्या बायका म्हणाल्या, इथं कशाला, आमी तर पंपाच्या खोलीजवळून जातो. शाळेतल्या पोरांनी तिसरीच जागा दाखवली, कारण तिथे भिंतीचा एक तुकडा खचला होता आणि चढायला सोपं होतं. कमळी विटांच्या ढिगापाशी बसली होती. तिला विचारलं तर ती म्हणाली, "आमचं काय, बिल्डिंग जिथं असंल तिथून जातो. दिवाळीनंतर कुठं काम लागंल काय म्हाईत." हौसा घरी बाजेवर पडून होती. तिला विचारलं तर तिने भिंतीकडे तोंड फिरवलं आणि म्हणाली, "मला कुठं जायचंच नाय आता." तेवढ्यात जनी परत आली आणि मॅडमना बाजूला घेऊन म्हणाली, "बाय, ताडाजवळ नको. तिथं रातची दारू पितात बाप्ये. रस्त्याखालनं पानी जातं त्या मोरीजवळ करा." प्रदीप म्हणाला, "आये, आत्ताच तर तू ताड म्हनालीस." जनी म्हणाली, "त्यांना ताड आवडले असं मला वाटलं."

दुपारपर्यंत प्रदीप आणि मॅडम रस्त्याच्या कडेला एका वाळूच्या ढिगावर उभे राहून बघत होते. माणसं कुठूनही ओलांडत होती. एक बाई ताडापाशी गेली, पंधरावीस पावलं चालली आणि परत फिरून दुसरीकडूनच चढली. कशासाठी, ते दोघांनाही कळलं नाही. एक म्हातारा भिंतीपर्यंत गेला, तिच्यावर हात टेकून उभा राहिला, आणि मग आला तसा गेला. सायकलवाल्यांनी सायकली उचलून पलीकडे टाकल्या.

मॅडमनी रुमाल सोडला आणि तोंड पुसलं. "प्रदीप, खरं सांगू? मला कळत नाहीये."

प्रदीपला ते ऐकून भीती वाटली. मॅडमना कळतं, या भरवशावरच तर तो रेघा ओढत होता.

"मग काय करायचं मॅडम?"

"मोरीजवळ करू. तिथे जमीन सपाट आहे, दोन्हीकडचं लांबवर दिसतं. चुकलं तर चुकलं."

पुढे दोन-तीन महिने कागद फिरले आणि दिवाळीच्या आधी मोरीजवळ दुभाजकाचा तुकडा फोडून वाट झाली. पाटीवाल्या दोन बायका शेजारून जाऊ शकतील एवढी ठेवायचं ठरलं होतं. फोडणाऱ्यांनी मशीन वळवायला अडचण नको म्हणून बरीच जास्त फोडली. गावाला काय, आनंदच झाला. जनीने नारळ फोडला. बाळूने प्रदीपच्या खांद्यावर हात टाकला आणि म्हणाला, "मी तवा रागात बोललो." त्या संध्याकाळी प्रदीप मुद्दाम मोरीपर्यंत चालत गेला आणि बायका हसत, बोलत, न पळता रस्ता ओलांडत होत्या ते बघत उभा राहिला. नोकरीला लागल्यापासून आपल्या कामाचं काही झालेलं त्याने पहिल्यांदाच डोळ्यांनी पाहिलं.

ते सुख फार टिकलं नाही. पुढच्या वळणावर रिकामे कंटेनर ठेवायचं एक मोठं आवार झालं होतं. तिथून निघालेल्या ट्रेलरना परत बंदराकडे जायला फाट्यापर्यंत वळसा पडायचा. एका ड्रायव्हरने मोरीजवळची फट पाहिली आणि ट्रेलर तिथूनच वळवला. दुसऱ्या दिवशी दहा जण वळले. मग सगळेच. ट्रेलर वळताना दोन्हीकडची वाहतूक थांबायची, हॉर्न वाजायचे, आणि ज्या वाटेवरून बायका जायच्या त्या वाटेवर आता एखादा कंटेनर आडवा उभा असायचा. पाट्या घेऊन त्याच्या पुढून जावं की मागून जावं ते बायकांना कळायचं नाही. काही जणी पुन्हा वर ताडापाशी जाऊन भिंतीवरून चढायला लागल्या.

याच दिवसांत भगवान भोईरांनी मोरीला लागून राहिलेल्या आपल्या उरल्यासुरल्या तुकड्यावर चार बांबू रोवले आणि वर ताडपत्री टाकली. गाड्या वळायला थांबतात तर ड्रायव्हर चहा पिणारच. चहा झाला, मग भजी झाली, मग जनीची वांग्याची भाजी आणि तांदळाची भाकरी. बाजारात न्यायची भाजी आता टपरीवरच खपू लागली. जनीने बाजारात जाणं आधी कमी केलं, मग बंदच केलं. डोक्यावर पाटी नाही, उन्हातलं चालणं नाही. तिची मान दुखायची ती थांबली.

"बघ," भगवान प्रदीपला म्हणाले, "जमीन गेल्यावर मी नुसता बसून होतो. तुझ्या रस्त्यानी मला कामाला लावलं." इतकी वर्षं वडील पारावर बसून नुसते बोलताना त्याने पाहिलं होतं. आता ते पहाटे उठून स्टोव्ह पेटवत होते, ड्रायव्हरांशी हिंदी बोलत होते, मोठ्याने हसत होते. प्रदीपला बरं वाटायचं, आणि लगेच मोरीवर आडवा ट्रेलर दिसायचा.

बाळूनेही सहा सीटर रिक्षा घेतली होती. पनवेल स्टेशन ते विचुंबे. तीही तिथूनच वळायची.

माघ महिन्यात हौसा काठी घेऊन चालायला लागली. पहिल्यांदा ती अंगणापर्यंत आली, मग आळीच्या टोकापर्यंत, आणि एक दिवस मोरीपर्यंत. तिला पलीकडे जाऊन बाजारात नुसतं बघून यायचं होतं. ती रस्त्याच्या कडेला काठी टेकून उभी राहिली. एक ट्रेलर वळला. त्याच्या मागे दुसरा लागला. मध्ये बाळूचीच रिक्षा घुसली. हौसा पुढे आली, मागे सरली, पुन्हा पुढे आली. टपरीतून जनीने हाक मारली, "हौसे, थांब, मी आले!" पण तिच्या कढईत भजी होती. ती येईपर्यंत हौसा परत फिरली होती.

संध्याकाळी हौसाने प्रदीपला बोलावलं. ती रागावली नव्हती, विचारात पडली होती.

"परदीप, ती वाट माझ्या पायापायी पाडली ना?"

"हो काकी."

"मंग त्या वाटेनी सगळे जातात, मलाच का जाता येत नाय? माझं काय चुकतं ते सांग. कधी जाऊ मी? सकाळी लवकर जाऊ का?"

तिला आपलीच काहीतरी चूक होते आहे असं वाटत होतं. प्रदीप घरी आला आणि जेवला नाही.

कचेरीत मॅडमनी एकच उपाय सुचवला. फटीत लोखंडी खांब रोवायचे, माणूस जाईल, सायकल जाईल, गाडी जाणार नाही. "तुझं मत काय?" त्यांनी विचारलं.

प्रदीप हिशेब करू लागला. हो म्हटलं तर वडिलांची टपरी बसणार. बाळूला फाट्यापर्यंत वळसा. नाही म्हटलं तर हौसाकाकी अंगणात. शेवटी तो म्हणाला, "मॅडम, तुम्हीच ठरवा."

"मी ठरवेन, पण संध्याकाळी मी ठाण्याला परत जाते, प्रदीप. शिव्या तुला खायच्या आहेत. म्हणून विचारलं."

तो आणखी थोडा वेळ टेबलाच्या कडेला नख घासत बसला आणि म्हणाला, "घाला खांब."

घरी त्याने स्वतःहून सांगितलं. परस्पर कळण्यापेक्षा बरं. भगवान चहाच्या भांड्यांना राख लावत होते. त्यांचा हात थांबला.

"बापाच्या धंद्यात खांब रोवतोस?"

"बाबा, बायकांना जाता येत नाय."

"कुनाच्या बायका? तुझी आई तर जात नाय आता."

"हौसाकाकी—"

"हौसाला मी कुनाच्या तरी टेम्पोत बसवून नेतो बाजारात. रोज नेतो. बोल." भगवान उभे राहिले. "आधी जमीन घेतली, म्हटलं शहर होऊ दे. मंग रस्ता केला, म्हटलं होऊ दे, पोरानी काढलाय. आता चार बांबू लावले तर ते बी तुमच्या नकाशात बसत नाय? तुमचा नकाशा हाय तरी काय?"

जनी दोघांच्या मध्ये भांडी घेऊन बसली होती. प्रदीपने तिच्याकडे बघितलं. "आये, तुला काय वाटतं?"

"मला?" जनीने पातेलं उपडं केलं. "मान दुखायची राहिली ते बरं हाय. पन हौसा रोज दारात बसलेली दिसते ते बरं नाय वाटत." तिने दोघांकडे आळीपाळीने पाहिलं. "आता ह्याचं काय करायचं ते तुमी सांगा."

खांब आले. पिवळ्या-काळ्या पट्ट्यांचे. ट्रेलर वळेनासे झाले. टपरीपुढून गाड्या आता न थांबता वेगात जात. भगवान दिवसभर स्टोव्हपाशी बसून राहायचे आणि प्रदीपशी बोलायचे नाहीत. जेवताना काही लागलं तर जनीला सांगायचे, "त्याला सांग मीठ दे." बाळू समोरून रिक्षा घेऊन यायचा, प्रदीपला बघून हॉर्न वाजवायचा, पण थांबायचा नाही.

मग एका सकाळी कडेचा एक खांब जागेवर नव्हता. मुळासकट गेला होता आणि खड्डा मातीने नीट बुजवलेला होता. कचेरीत बोभाटा झाला. गावात कुणी म्हणालं भगवाननी काढला. कुणी म्हणालं बाळूने. कुणी म्हणालं भंगारवाल्यांनी. प्रदीपने वडिलांचे हात बघितले, त्यांवर नेहमीसारखीच राख आणि काजळी होती. त्याने काही विचारलं नाही.

एक खांब गेल्यामुळे तिथून एक रिक्षा जाईल एवढी जागा झाली होती. ट्रेलर जात नव्हता. रिक्षा गेली की तिच्या मागून बायका जायच्या, रिक्षावाले थांबायचे, कारण बहुतेक गावचेच होते. बाळू पुन्हा हॉर्नबरोबर हातही करायला लागला. टपरीवर ड्रायव्हर कमी झाले, पण रिक्षाची वाट बघणारी माणसं बसायला लागली. नव्या सेक्टरातून सकाळी फिरायला येणारे दोन-तीन पेन्शनरही. धंदा पूर्वीसारखा झाला नाही, मोडलाही नाही. हे कुणी ठरवलेलं नव्हतं. मॅडम एकदा येऊन बघून गेल्या आणि प्रदीपला म्हणाल्या, "नवीन खांब मागवायचा का?" प्रदीप म्हणाला, "मागवू नका." "का?" त्याने बरंच काही सांगायचा प्रयत्न केला. वाक्यं सुरू व्हायची आणि अर्ध्यात दुसरीकडे वळायची. मॅडम ऐकत राहिल्या आणि शेवटी म्हणाल्या, "बरं, मग प्लॅनमध्ये सगळे खांब असू देत."

पावसाळ्याच्या तोंडावर मॅडमची बदली झाली. जाताना त्यांनी आपली गोल भोकांची पट्टी प्रदीपला दिली आणि बसची जागा कधी ना कधी परत माग असं सांगितलं. तो हो म्हणाला. कुणाकडे मागायची ते त्यालाही माहीत नव्हतं आणि त्यांनाही.

त्यानंतरच्या एका रविवारी प्रदीप टपरीमागे पाणी भरत होता. बापलेक अजून थेट बोलत नव्हते, पण भगवाननी हंडा त्याच्यासमोर ठेवला होता, म्हणजे भर असा अर्थ होता. तेवढ्यात हौसा काठी टेकत आली. डोक्यावर पाटी नव्हती, हातात पिशवी होती. ती टपरीपुढे थांबली.

"जने, मी बाजारात चालले."

"एकटी?"

"मंग काय वरात काढू?"

जनी भज्यांचं पीठ भिजवत होती. तिने हौसाकडे पाहिलं, पिठाकडे पाहिलं. मग हात धुतले, पदराला पुसले, आणि टपरीच्या मागे लटकवलेली पिशवी काढली.

"अगं, आन भजी?" भगवान ओरडले. "लोकं बसलीत!"

"तुमी तळा. न्हायतर परदीप तळंल."

दोघी गेल्या. खांबांपाशी एक रिक्षा थांबली, दोघींनी रस्ता ओलांडला, हौसा मध्ये एकदा थांबली आणि जनीने तिचं कोपर धरलं. मग इमारतींच्या मधे त्या दिसेनाशा झाल्या. भगवान आणि प्रदीप कढईकडे बघत उभे राहिले.

"तेल तापलंय का?" भगवाननी विचारलं. कितीतरी दिवसांनी थेट त्याला विचारलं.

"म्हाईत नाय," प्रदीप म्हणाला. "टाकून बघू."

पहिला घाणा काळा झाला. बाकावरच्या पेन्शनरांपैकी एकाने तो तसाच खाल्ला आणि हे खांब कुणी घातले म्हणून विचारलं. चांगले आहेत, पण एक कमी का आहे? दुसरा म्हणाला, कमी नाही, मुद्दामच तसं ठेवलं असणार, रिक्षांसाठी, विचार करूनच करतात ही माणसं. प्रदीप झारा हातात धरून दोघांचं ऐकत राहिला. सांगावं का, आणि सांगायचं तर सुरुवात कुठून करावी, हे त्याला जमेना.

ऊन चढल्यावर बाळूची रिक्षा पनवेलच्या बाजूने आली. मागे भाड्याचं गिऱ्हाईक खच्चून भरलेलं, पुढे जनी आणि हौसा दाटीवाटीने. फटीपाशी तेव्हा एक दूधवाला सायकल घेऊन अडला होता आणि समोरून दुसरी रिक्षा येत होती, म्हणून बाळूने दोघींना पलीकडच्या कडेलाच उतरवलं. दोघी तिकडे उभ्या राहिल्या. हौसाच्या हातात बाजारातल्या बांगड्यांची पुडी होती आणि जनी पोट धरून हसत होती. कशाला, ते इकडे कळायला मार्ग नव्हता.

जनीने हात वर करून काहीतरी विचारलं. मधून एक ट्रेलर गेला, मागून दुसरा.

"काय म्हनते ती?" भगवाननी विचारलं.

"कुठून येऊ, असं विचारते वाटतं."

"सांग की मंग."

प्रदीप टपरीबाहेर आला आणि दोन्ही हातांनी फटीकडे खूण केली. जनीने मान डोलावली. मग दोघी वळल्या आणि फटीकडे पाठ करून, सावलीच्या कडेकडेने, भिंत अजून सलग होती त्या ताडांच्या दिशेला चालू लागल्या.